नादी लागण्याबद्दल

वाचकहो, आपण आजवर काय काय सोडले, याची यादी कधी केली आहे का? चहा, कांदा-लसूण, रात्री उशिरापर्यंत मोबाइल पाहणे. आपल्याकडे नवा साधक आला की गप्पांच्या ओघात कुणीतरी विचारतेच, "तुम्ही काय सोडलंत?" आणि उत्तर देताना त्याच्या चेहऱ्यावर थोडेसे समाधान उमटते. माझ्याही चेहऱ्यावर चार वर्षे ते उमटत होते. माझे उत्तर ठरलेले होते: "मी इलेक्ट्रिक गिटार सोडली."

ऐकणाऱ्यांना हे उत्तर फार आवडायचे. चहा सोडणारे पुष्कळ भेटतात, गिटार सोडणारा विशीतला मुलगा क्वचितच. एका ज्येष्ठ काकांनी तर युवा शिबिरात माझे उदाहरण दिले होते, आणि मी मान खाली घालून, नम्रपणे, ते ऐकून घेतले होते. ते उत्तर खरे नव्हते, हे सांगण्यासाठी आज लिहीत आहे. गिटार सुटली होती. मी ती सोडली नव्हती.

घडले ते असे. दहावीच्या निकालानंतर बाबांनी मला गिटार आणि दहा वॉटचा छोटा ॲम्प घेऊन दिला. आम्ही इंदूरला राहतो. शाळेतल्या चार मित्रांचा आमचा बँड होता, आणि बी. कॉम.च्या पहिल्या वर्षी एका महाविद्यालयीन महोत्सवात आम्हाला वीस मिनिटे मिळाली. तिसऱ्या गाण्यात माझा एकट्याचा भाग आला. मी दोन पावले पुढे झालो, माझाच पाय केबलवर पडला आणि जॅक गिटारमधून निघाला. मागे ड्रम इतके जोरात वाजत होते की मला ते कळलेच नाही. डोळे मिटून, मान मागे टाकून, मी काही क्षण अगदी तल्लीनतेने वाजवत राहिलो, आणि समोर कुणालाही काहीही ऐकू येत नव्हते. मग हशा. मित्राने धावत येऊन जॅक परत खोचला तेव्हा स्पीकरमधून फटाका फुटल्यासारखा आवाज झाला, आणि पुन्हा हशा. त्याचा व्हिडिओ आठवडाभर सगळ्या ग्रुपवर फिरत होता.

त्या रात्री गिटार पिशवीत गेली आणि पिशवी कपाटामागे. तीन महिन्यांनी मी या मार्गावर आलो. दोन्ही गोष्टी इतक्या जवळजवळ घडल्या की एकीला दुसरीचे कारण ठरवणे सोपे गेले. गीतेच्या अठराव्या अध्यायात त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत, आणि त्रास होतो म्हणून, भीतीपोटी सोडणे याला राजस म्हटले आहे. अशा त्यागाचे फळ मिळत नाही. तिथे विषय नियत कर्माचा आहे, गिटारचा नाही, हे मला ठाऊक आहे. पण तो भाग मराठीत तपासत असताना माझी बोटे कीबोर्डवर थांबली होती, हेही खरे.

गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत आईने कपाटामागून पिशवी ओढून काढली आणि विचारले, "हे द्यायचं का कुणाला?" मी मनात लगेच घसारा काढला. किंमत साडेअकरा हजार, आयुष्य पाच वर्षे, सरळ रेषा पद्धत; पुस्तकी मूल्य जवळजवळ शून्य. द्यायला काहीच हरकत नव्हती. "बघतो," म्हणालो आणि पिशवी उघडली.

तारा गंजून तपकिरी झाल्या होत्या. त्या बदलल्या. पहिल्या तीन दिवसांत डाव्या हाताची बोटे लाल झाली, कारण जुने घट्टे केव्हाच गेले होते. ॲम्प लावला नव्हता. आपल्यापैकी ज्यांनी इलेक्ट्रिक गिटार जवळून पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: साध्या गिटारचे पोट पोकळ असते, म्हणून ती स्वतःच वाजते. इलेक्ट्रिक गिटार बहुधा भरीव लाकडाची असते. तारांखाली लोहचुंबक असतात आणि त्यांभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार हलली की त्या वेढ्यांत अगदी अशक्त वीजप्रवाह निर्माण होतो, आणि ॲम्प त्याचा आवाज करतो. ॲम्प नसेल तर वाजवणाऱ्याच्या कानाशी फक्त किणकिण. म्हणजे व्यासपीठावर ज्या गोष्टीने माझी फजिती केली, तीच आता मला सोयीची होती. आमच्या मल्टीत भिंती पातळ आहेत (इंदूरला अपार्टमेंटला मल्टी म्हणतात), तरीही शेजारच्या काकूंना पंधरा दिवस काही कळले नाही.

चौथ्या की पाचव्या दिवशी, मी खिडकीबाहेर पाहत असताना, बोटे आपोआप एका जुन्या सरावाच्या तुकड्यावर गेली. मी तो आठवत नव्हतो. बोटांनाच तो आठवला. तेव्हा जे वाटले ते मी इथे मोठ्या शब्दांत सांगणार नाही. बरे वाटले. खूप बरे वाटले.

सोण भिक्षूची गोष्ट आपण प्रवचनांत अनेकदा ऐकली आहे. अतिश्रमाने निराश झालेल्या सोणाला बुद्धांनी वीणेच्या तारेचे उदाहरण दिले: फार ताणलेली वाजत नाही, फार सैल सोडलेलीही नाही. ही गोष्ट मध्यममार्गासाठी सांगितली जाते आणि तिथेच संपते. तिच्यातली एक साधी बाब मात्र मला आताच दिसली. बुद्ध सोणाला आधी विचारतात की घरी असताना तू वीणा चांगली वाजवायचास ना? तो हो म्हणतो. त्याच्या हातांना जे आधीपासून माहीत होते त्यावरूनच त्याला समजावले गेले. वीणा वाजवली याचे प्रायश्चित्त त्याला कुणी सांगितले नाही.

पण म्हणून सोण परत वीणा वाजवू लागला असेही नाही. तेव्हा माझा प्रश्न त्या गोष्टीने सुटत नाही, आणि तो प्रश्न मी आपल्यापुढे नीट मांडतो. मी रोज अर्धा तास वाजवतो. वर्षाचे सुमारे १८२ तास झाले. माझा भाषांतराचा वेग तासाला तीनशे शब्द. म्हणजे वर्षाला जवळजवळ ५५,००० शब्द, एका लहान पुस्तकाइतके, मी करू शकलो असतो आणि करत नाही. अर्थशास्त्रात याला संधी खर्च म्हणतात. ते पुस्तक वाचून एखाद्याला आधार मिळाला असता. त्याऐवजी इंदूरच्या एका खोलीत किणकिण झाली, जी शेजारच्या काकूंनाही ऐकू आली नाही. हे योग्य आहे का?

हितचिंतकांनी मला दोन उत्तरे सुचवली. पहिले असे की विरंगुळ्याने मन ताजे होते आणि सेवा अधिक चांगली होते. असेलही. पण मी तसा हिशेब धरून वाजवायला बसलो की पाच मिनिटांत घड्याळ पाहू लागतो, ताजा झालो की नाही ते तपासायला.

दुसरे उत्तर अधिक मोहक होते: "गिटारलाच साधना कर. भजने वाजव." त्यात चूक काही नाही. विजेचे वाद्य म्हणजे भोगाचे वाद्य, असे मानणाऱ्यांना मी यू. श्रीनिवास यांचे नाव सांगतो. आंध्रातल्या पालकोल्लूत जन्मलेल्या या कलावंताने इलेक्ट्रिक मँडोलिनवर कर्नाटक संगीत लहानपणापासून असे वाजवले की जाणकारांनी ते मानले. अमेरिकेत सिस्टर रोझेटा थार्प चर्चमध्ये गिटार वाजवत मोठ्या झाल्या. १९३८ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबमध्येही गायला सुरुवात केली, तेव्हा चर्चमधले अनेक जण नाराज झाले. त्या पुढे इलेक्ट्रिक गिटारवर भक्तिगीते वाजवत राहिल्या आणि रॉक संगीताच्या आद्य कलावंतांत गणल्या गेल्या. वाद्य बिचारे कुठेही न्यावे तिथे जाते. आणि आपली हार्मोनियम तरी कुठून आली? युरोपातूनच.

तेव्हा मी भजन बसवले. साप्ताहिक सत्संगात वाजवलेही. केबल पट्ट्यात अडकवून घेतली होती, त्यामुळे ती निघाली नाही. सगळे छान झाले. घरी येताना मात्र लक्षात आले की भजनभर माझे लक्ष तिसऱ्या रांगेतल्या तीन जणांकडे होते: ते माना डोलावतात का, मोबाइल वर काढतात का. महोत्सवातला मुलगा तिथेच होता, फक्त कुर्ता घालून. ज्यांच्या वादनाची खरोखर पूजा होते त्यांना माझा नमस्कार. माझी होत नव्हती, आणि तिला पूजा म्हणणे हे पहिल्या खोट्यासारखेच दुसरे खोटे झाले असते. तेव्हा भजन थांबवले. गिटार चालू ठेवली. एका काकांना हे उलटे वाटले, आणि त्यांना मी दोष देत नाही.

मग तिला म्हणायचे काय? भाषांतर करणाऱ्याला शब्द सापडल्याशिवाय चैन पडत नाही. छंद म्हणावे, तर त्या शब्दात वेदांची वृत्तेही आहेत आणि स्वच्छंद मनुष्यही. हौस म्हणावे, तर गंमतच आहे. अरबी-फारसीतला हवस हा शब्द हिंदीत वासना होऊन बसला, आणि तोच मराठीत येऊन हौस झाला, इतका निरागस की डोहाळजेवण हौसेने होते आणि नाटकवाले स्वतःला हौशी म्हणवतात. हौसेला मोल नसते असे आपण म्हणतो. माझ्यासारख्या वाणिज्याच्या विद्यार्थ्याला ते ताळेबंदात कुठे दाखवायचे कळत नाही, एवढेच. आणि तिसरा शब्द नाद. मंदिरात घुमतो तोही नाद, आणि आजी सांगायची की कुणाच्या नादी लागू नकोस, तोही नाद. ज्या भाषेने आवाज आणि व्यसन यांना एकच नाव दिले, तिला हा प्रश्न माझ्या फार आधी पडलेला असणार.

नादी लागणे कसे असते ते मला लवकरच कळले. फेब्रुवारीत एका शनिवारी रात्री दहापर्यंत मला एका प्रवचनाचे भाषांतर द्यायचे होते. नऊला मी "दहा मिनिटे" म्हणून गिटार घेतली. आता ॲम्पही लावू लागलो होतो. खोलीतल्या विजेमुळे त्यातून एक गुणगुण येते, आणि तारांवर हात ठेवला की ती कमी होते. (यातून काही आध्यात्मिक तात्पर्य काढण्याचा मोह मी आवरतो, ते अर्थिंगचे काम आहे.) घड्याळ पाहिले तेव्हा पावणेअकरा झाले होते. ज्या ताई मजकूर तपासतात त्यांचे तीन संदेश आले होते. मी उत्तर लिहिले: "सॉरी ताई, परीक्षेच्या अभ्यासात अडकलो." त्यांनी लिहिले, "काळजी करू नकोस, अभ्यास कर. मी करते." सकाळी पाहिले तर फाइल पूर्ण होती, शेवटचा बदल रात्री एक वाजून चाळीस मिनिटांनी. ताई नोकरी करतात, त्यांना लहान मुलगी आहे.

त्या दिवशी गिटार परत पिशवीत घालावीशी वाटली, आणि घातलीही. वेगळी गोष्ट अशी की यावेळी मला स्वतःचाच संशय आला. पुन्हा लाज वाटली म्हणून सोडतोय. पुन्हा कुणाला तरी सांगेन की सेवेसाठी सोडली. चार दिवस हेच डोक्यात होते. पाचव्या दिवशी ताईंना फोन केला आणि अभ्यास नव्हता, गिटार होती, हे सांगितले.

त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "अरे, मग गिटार वाजवत होतो असं लिहायचं ना. मी फाइल सकाळी केली असती. मुलाची परीक्षा आहे म्हणून जागले."

मला वाटले होते त्या विचारतील की गिटार कशाला हवी. त्यांनी ते विचारलेच नाही. माझ्या ५५,००० शब्दांचा हिशेब मी त्यांना पुढे कधीतरी सांगितला, तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या की त्या रोज अर्धा तास मुलीबरोबर फरशीवर लोळतात, त्याचे किती शब्द होतील ते काढून दे. मी काढून दिले नाही. माझ्या आकड्याला माझ्याकडे आजही चोख उत्तर नाही. कधी कधी वाजवताना तो आठवतो आणि मी गिटार खाली ठेवून काम करतो. कधी आठवतो आणि तरी वाजवत राहतो.

लिओ फेंडर यांच्याविषयी मला अलीकडेच कळले. १९५४ मध्ये बाजारात आलेली स्ट्रॅटोकास्टर गिटार त्यांच्या कंपनीची. माझी गिटार तिचीच दूरची, स्वस्तातली नक्कल. हे गृहस्थ हिशेबनिसाचे शिक्षण घेतलेले, काही काळ तीच नोकरी केलेले. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून ते या धंद्यात आले, आणि गिटार वाजवायला ते कधीच शिकले नाहीत. वादकांना बोलवायचे, ऐकायचे, पुन्हा बदल करायचे, असे त्यांचे चालायचे. हे वाचून मला का आनंद झाला ते सांगणे कठीण आहे. कदाचित त्यांना वाजवता येत नाही हे त्यांनी कधी लपवले नाही म्हणून असेल.

आम्हा भाषांतर-सेवकांचा एक सामाईक तक्ता आहे. कोण कोणत्या वेळी उपलब्ध नाही ते त्यात प्रत्येकाने लिहायचे. बहुतेक रकान्यांत "साधना", "अभ्यास", "कार्यालय" असे शब्द असतात. माझ्या रकान्यात साडेनऊ ते दहा या वेळेपुढे मी पूर्वी "व्यस्त" लिहायचो. मार्चपासून "गिटार" लिहितो. पहिल्या आठवड्यात जरा धाकधूक होती. कुणी काही बोलले नाही. गेल्या सोमवारी तक्ता उघडला, तेव्हा खाली कुणीतरी, रविवार दुपारपुढे, "कॅरम" असे लिहिलेले दिसले.