ढालीमागची जागा

टेबलावरचं बाकी सगळं बाजूला सारा. समोर राहू द्या फक्त प्लॅस्टिकचा एक पातळ, पांढरा तुकडा.

श्वास घ्या. हळूच सोडा.

आता डोळे मिटा. फ्रान्समधला नॉर्मंडीचा किनारा. लाँग-सुर-मेर गावाजवळचा उंच कडा. त्यावर काँक्रीटची चार ठाणी, तोंडं समुद्राकडे. ६ जून १९४४ ला इथून जर्मन तोफा धडधडतात. ७ जूनला ही ठाणी ब्रिटिश सैनिकांच्या हाती येतात.

तोफा अजून तिथेच आहेत. पुढच्या ढाली तांबूस गंजल्या आहेत. समोर गवत हलतंय.

थांबा. नुसतं बघा.

डोळे उघडा. तशीच एक ढाल आता तुमच्या हातून घडायची आहे, ७२ पटींनी लहान. खऱ्या तोफेच्या नळीचं तोंड १५ सेंटीमीटर. इथे ते दोन मिलिमीटर. मोहरीच्या दाण्याएवढं.

पट्टी ठेवा. पातं हलकेच ओढा. पुन्हा एकदा ओढा. घाई नाही.

पात्याची बारीक करकर ऐका.

तुकड्याची कड पेन्सिलीवर टेकवा, अंगठ्याने दाबत राहा. ती सावकाश वळते. पॉलिशपेपरवर घासा. बोटांना पांढरी भुकटी लागते. हळूच फुंकर घाला.

श्वास घ्या. सोडा.

आता नळीसाठी फट कापा. नेम धरणाऱ्याच्या डोळ्यासाठी आणखी एक, अगदी लहान.

या फटींकडे बघत राहा. समोरचं दिसावं म्हणून ढालीला इथे उघडं राहावं लागतं.

ढाल फिरवा. मागून ती सगळीच उघडी आहे.

इथे माणसं उभी असायची. कुणी गोळा उचलून आणणारा. कुणी चाक फिरवणारा. कुणी त्या लहान फटीला डोळा लावून बसलेला.

तुमच्या प्रमाणात प्रत्येक जण जेमतेम अडीच सेंटीमीटर. अंगठ्याच्या पेराएवढा.

ती जागा आज रिकामीच ठेवा. तिच्याकडे बघा.

ढाल तळहातावर घ्या, उघडी बाजू तुमच्याकडे. वजन जाणवतंय का? जवळजवळ नाहीच.

श्वास घ्या. हळूच सोडा.

ढाल किंचित हलते.

दुसरा हात तिच्या पुढे आडवा धरा. वारा लागू नये म्हणून दिव्यापुढे धरतो, तसा.

थोडा वेळ असेच राहा.