कोसंबीचे झाड आणि आपली शाळा



आपल्या वस्तीतील शाळेला नवी इमारत हवी, यात दुमत नाही. आठवीच्या मुली व्हरांड्यात बसून शिकतात, हे मी शिक्षक म्हणून रोज पाहतो. परंतु मागच्या पालकसभेत आवारातील कडुनिंब तोडायचा विषय निघाला, तेव्हा आपल्यापैकीच एक गृहस्थ उठून म्हणाले, "आपण आता बौद्ध. झाडात देव नसतो. तोडा की!" टाळ्या पडल्या. मी त्या दिवशी गप्प बसलो, म्हणून आज लिहितो आहे.

झाडात देव नाही, हे खरेच. वडाला सूत गुंडाळणे आपण सोडले, ते योग्यच केले. पण पूजा सोडली म्हणजे कुऱ्हाडीचा परवाना मिळाला काय?

विनयपिटकात कोसंबीची हकीकत आहे. छन्न भिक्खूसाठी एक दायक विहार बांधून देणार होता. जागा साफ करताना छन्नाने एक झाड तोडायला लावले. गावोगावचे लोक त्या झाडाला मानीत. ते संतापले. लोकांची समजूत भोळी आहे, असे म्हणून तथागतांनी विषय उडवून लावला नाही. त्यांनी छन्नालाच दोष दिला आणि नियम घातला : मोठा विहार बांधण्यापूर्वी जागा भिक्खूंना दाखवावी; जिथे जीवांची हानी होणार नाही व भोवती मोकळे राहील, अशीच जागा त्यांनी पसंत करावी. आळवीच्या भिक्खूंनी बांधकामासाठी झाडे तोडली, तेव्हाही मनाई झाली. त्या कथेत एक देवता तक्रार घेऊन येते. तिला बाजूला ठेवा, नियम उरतोच. आणि बांधकाम विहाराचे होते बरे!

१९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांना राहायला जागा मिळेना, तेव्हा ते कमाठी बागेत एका झाडाखाली बसले होते, हे आपल्या घरात पोरालाही ठाऊक आहे.

नुसते तोडले नाही म्हणजे झाड वाचले, असेही नाही. मी आधी होतो त्या शाळेतली चिंच कोणी तोडली नव्हती. बुंध्याशी विटा रचल्या, सिमेंटचे पाणी ओतले, ट्रक फिरले, शेवटी खोडापर्यंत फरशी घातली. दोन पावसाळ्यांनी ती वाळली. लोक म्हणाले, कीड लागली. अन्नपाणी घेणारी मुळे बहुतेक वरच्या दोन-तीन फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात. जमीन दाबली गेली की त्यांना हवा मिळत नाही.

तेव्हा पहिली वीट येण्याआधी फांद्यांच्या घेराएवढे बांबूचे कुंपण घालावे. आत वाळू, खडी, मिक्सर काही नको. जवळचा चर जेसीबीने न खणता हाताने खणावा. बुंध्याभोवती निदान तीन फूट माती उघडी ठेवावी. शिवाय शहरात झाड तोडण्यास १९७५ च्या कायद्याने परवानगी लागते. झाडावर नोटीस लागते, आणि तिच्यावर हरकत घेता येते. आपल्यापैकी किती जणांनी अशी नोटीस थांबून वाचली आहे?

येत्या रविवारी वंदनेनंतर मी इमारतीचा नकाशा विहारात मांडणार आहे. त्यात कडुनिंब दाखवलेलाच नाही. सभेत उठलेल्या त्या गृहस्थांनाही बोलावले आहे. ते गवंडी आहेत. मुळे न तोडता चर कसा खणायचा, हे त्यांना माझ्यापेक्षा अधिक कळते.