व्यापाऱ्यांचा न्यायाधीश

न्यायाधीश हा शब्द कानीं पडतांच मराठी मनापुढें रामशास्त्र्यांची मूर्ति उभी राहते. पुतण्याच्या खुनाबद्दल राघोबादादांसारख्या सत्ताधीशाला देहान्त प्रायश्चित्त सांगणारा आणि तें मानलें जात नाहींसें पाहून पुणें सोडणारा तो निःस्पृह पुरुष परंपरेनें आपल्याला आदर्श म्हणून दिला आहे. त्या आदर्शाचें तेज असें कांहीं आहे कीं, ज्या न्यायासनापुढें रक्ताचा प्रश्न नसून केवळ पैशाचा असतो, त्याकडे आपण कांहींशा उपेक्षेनें पाहतों. दोन धनिक भांडले, एकाचे दहा लाख दुसऱ्याच्या पदरांत पडले, तर त्यांत सामान्य माणसाचें काय गेलें, असें आपण म्हणतों. ही समजूत आम्हांस बरोबर वाटत नाहीं. विश्वासाविषयींचे या युगांतील कठीण प्रश्न बहुधा याच न्यायासनापुढें येतात; आणि तेथें बसणाऱ्या माणसाचें मन कसें आहे, याचा संबंध त्या कचेरीची पायरीहि ज्यानें कधीं पाहिली नाहीं त्याच्याशींहि पोंचतो.

पूर्वीं सावकाराची पेढी गांवांत असे. भागीदार एकमेकांस ओळखीत, आणि हुंडी स्वीकारणारा तिच्यावरील सही पाहण्यापूर्वीं सही करणाऱ्याचें घराणें पाही. आज कंपनीच्या कारभारांत पैसा एकाचा आणि हात दुसऱ्याचा असतो. मध्यमवर्गीय कुटुंबाची शिल्लक विमा, भविष्यनिर्वाह निधि, म्युच्युअल फंड अशा वाटांनीं कोठल्या कोठें जाते आणि कोणत्या संचालकाच्या स्वाधीन होते, हें त्या कुटुंबाला ठाऊकहि नसतें. अशा स्थितींत दुसऱ्याचा पैसा हातीं असलेल्याने कसें वागावें, हा प्रश्न केवळ धनिकांचा उरत नाहीं.

या प्रश्नासाठीं वेगळें न्यायालय असावें ही कल्पना नवी नव्हे. इंग्लंडांत १७५६ पासून १७८८ पर्यंत मुख्य न्यायाधीश असलेला लॉर्ड मॅन्सफील्ड लंडनच्या गिल्डहॉलमध्यें अनुभवी व्यापाऱ्यांचे ज्यूरी बसवी आणि व्यापाराची रूढी त्यांच्याकडून समजावून घेई. पुढें १८९५ मध्यें लंडनांत व्यापारी दाव्यांची स्वतंत्र यादी सुरू झाली. अमेरिकेंतील डेलावेअर या चिमुकल्या राज्यांत चॅन्सरी कोर्ट १७९२ पासून आहे. न्यूयॉर्कनें १९९५ मध्यें व्यापारी विभाग स्थापिला, नॉर्थ कॅरोलिनानें त्याच सुमारास तसेंच न्यायालय काढलें, आणि टेक्सासचें व्यापारी न्यायालय २०२४ च्या सप्टेंबरांत उघडलें. आपल्याकडे २०१५ च्या कायद्यानें वाणिज्यिक न्यायालयें आलीं. प्रथम १ कोटि रुपयांच्या दाव्यांपुरतीं असलेली त्यांची मर्यादा २०१८ मध्यें ३ लाखांवर आणण्यांत आली.

यांपैकीं डेलावेअरचें उदाहरण विचाराला सर्वांत उपयोगी आहे. या राज्याची वस्ती सुमारें दहा लाख. परंतु अमेरिकेंतील सर्वांत मोठ्या पांचशें कंपन्यांपैकीं अर्ध्याहून अधिक कंपन्या कागदोपत्रीं तेथील रहिवासी आहेत. त्यांच्या अंतर्गत कलहांचा निवाडा एक चॅन्सेलर आणि सहा उपचॅन्सेलर मिळून करतात. त्यांची नेमणूक गव्हर्नर करतो, तिला सेनेटची संमति लागते, आणि मुदत बारा वर्षांची असते. या न्यायालयांत ज्यूरी नाहीं. साक्षीदार खरा कीं खोटा हें ठरविण्यापासून निकालाची कारणें लिहिण्यापर्यंत सारा भार एकट्या न्यायाधीशावर पडतो. तेथें बसणारा मनुष्य पुष्कळदां अनेक वर्षें कंपन्यांचीच वकिली केलेला असतो, आणि ज्या वकिलांचे वाद तो ऐकतो त्यांतील नामांकितांची प्राप्ति त्याच्या वेतनाहून कितीतरी मोठी असते.

आतां पूर्वपक्ष असा कीं, हा तर सजातीयांचाच न्याय झाला. ज्यानें उमेदीचीं वर्षें व्यापाऱ्यांच्या बाजूनें भांडण्यांत घालविलीं, त्याचा कान त्यांच्या भाषेला सरावलेला आणि डोळा त्यांच्या रीतीला निर्ढावलेला असणार. ‘सगळेच असें करतात’ हें वाक्य बाहेरच्या माणसाला खटकतें. आंतल्याला तें पुरावा वाटूं लागतें. या आक्षेपांत तथ्य आहे. मात्र त्याची दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. ज्याला जमाखर्च वाचतां येत नाहीं, त्याला लबाड माणूस जमाखर्चानेंच फसवितो. अनभिज्ञ न्यायाधीश निःपक्षपाती असेल, पण तो तज्ज्ञ साक्षीदारांचा बंदा होतो, आणि तज्ज्ञ साक्षीदार श्रीमंत पक्षाला अधिक चांगले मिळतात. म्हणून व्यवहाराचें ज्ञान हवें यांत शंका नाहीं. प्रश्न इतकाच उरतो कीं, रूढि जाणणाऱ्यानें रूढीलाच धर्म मानावें कीं काय?

या प्रश्नाला न्यूयॉर्क राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाचा मुख्य न्यायाधीश बेंजामिन कार्डोझो यानें १९२८ मध्यें दिलेलें उत्तर आजहि वाचण्यासारखें आहे. व्यापाऱ्यांचीं कामें चालविणारा वकील म्हणूनच त्याचें आयुष्य सुरू झालें होतें. दावा असा होता. सॅमन नांवाच्या गृहस्थानें १९०२ मध्यें न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवरील एक हॉटेल वीस वर्षांच्या पट्ट्यानें घेतलें. लागणारा निम्मा पैसा माइनहार्ड या लोकरीच्या व्यापाऱ्यानें दिला. कारभार मात्र एकट्या सॅमननें पाहावयाचा होता. पट्टा संपावयास चार महिनेहि उरले नव्हते, तेव्हां जागेचा नवा मालक सॅमनकडे आला आणि शेजारच्या जमिनीसह फार मोठ्या व दीर्घ मुदतीच्या पट्ट्याची बोलणीं त्यानें लावलीं. सॅमननें तो पट्टा आपल्या कंपनीच्या नांवें घेतला आणि भागीदाराला त्याचा सुगावाहि लागूं दिला नाहीं.

सॅमननें खोटें कांहीं सांगितलें नव्हतें. पैशाची अफरातफर केली नव्हती. जुन्या पट्ट्याची मुदत संपल्यावर भागीदारीहि संपणारच होती, आणि नव्या पट्ट्याचा उल्लेख जुन्या करारांत कोठेंच नव्हता. बाजारांतील कोणीहि चतुर मनुष्यानें हेंच केलें असतें. कार्डोझोनें नेमकें याच मुद्द्यावर बोट ठेविलें. परक्याशीं व्यवहार करतांना जें चालतें तें सहकाऱ्याशीं चालत नाहीं. ज्याच्या हातीं एकट्याच्या हातीं कारभार सोंपविला आहे, त्याचें माप बाजाराच्या मापाहून उंच असलें पाहिजे, असा त्याच्या निकालाचा आशय आहे. संधि सॅमनकडे चालून आली ती तो कारभारी होता म्हणून, आणि कारभारी तो दोघांच्या वतीनें होता. निदान भागीदाराला सांगून त्यालाहि बोली करण्याची सवड द्यावयास हवी होती.

हा निकाल चार विरुद्ध तीन अशा मतांनीं झाला, हें विसरतां कामा नये. विरुद्ध मत देणारेहि नीतिशून्य नव्हते. त्यांचें म्हणणें असें कीं, एका ठराविक कामापुरती, ठराविक काळापुरती जोडलेली ही सोबत होती. तिला आयुष्यभराच्या नात्याचें ओझें कां लादावें? आम्हांला हा प्रश्न योग्य वाटतो, परंतु त्याचें उत्तर आमच्या मतें मौनांत आहे. सॅमनला आपलें कृत्य निर्दोष वाटत होतें, तर तें भागीदाराला सांगण्यास अडचण कोणती होती? जें उघड करतां आलें असतें आणि तरी लपविलें, त्याच्याविषयीं करणाऱ्याच्याच मनानें आधींच निकाल दिलेला असतो. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. न्यायालयानें माइनहार्डला नव्या उद्योगाचा जवळजवळ अर्धा वांटा दिला. पण सॅमनकडे एक शेअर अधिक राहूं दिला, कारण कारभार चालविण्याचें कौशल्य त्याचें होतें. नीतीचें माप उंच धरूनहि व्यवहार मोडूं न देणें, हें व्यापार जाणणाऱ्या न्यायाधीशालाच सुचतें.

याच्या उलट वाटणारें दुसरें उदाहरण डेलावेअरचें आहे. डिस्ने कंपनीनें मायकेल ओव्हिट्झ यांस अध्यक्ष नेमलें आणि सुमारें चौदा महिन्यांनीं दूर केलें. तेव्हां करारान्वयें त्यांच्या पदरांत सुमारें १३ ते १४ कोटि डॉलर पडले. भागधारकांनीं संचालकांविरुद्ध दावा लाविला. चॅन्सेलर विल्यम चँडलर यांनीं दीर्घ सुनावणीनंतर २००५ मध्यें निकाल दिला, आणि तो वरिष्ठ न्यायालयानें पुढील वर्षीं कायम केला. संचालकांचें वर्तन आदर्श कारभारापासून दूर होतें असें चँडलर यांनीं स्पष्ट लिहिलें, मुख्याधिकाऱ्याला कठोर शब्द सुनावले, आणि तरीहि त्यांना नुकसानभरपाईस जबाबदार धरलें नाहीं.

वरवर पाहणाऱ्याला यांत दुबळेपणा दिसेल. आम्हांला तसें वाटत नाहीं. संचालकांनीं तो पैसा स्वतःच्या खिशांत घातला नव्हता. त्यांचा निर्णय चुकला आणि सावधगिरी कमी पडली. प्रत्येक फसलेल्या निर्णयाबद्दल दंड होऊं लागला, तर साहस करण्यास कोणी धजणार नाहीं, आणि धाडसावांचून व्यापार तो काय? जेथें स्वार्थ आणि लपवालपव आहे तेथें कठोर, आणि जेथें केवळ बुद्धीची चूक आहे तेथें सौम्य, हा भेद दोन्ही निकाल एकत्र वाचले म्हणजे स्पष्ट होतो. कायद्यानें किती मागावें आणि नीतीनें किती मागावें यांतील अंतर ज्याला कळतें, पण तें अंतर आहे हें उघड सांगण्यास जो कचरत नाहीं, तोच न्यायाधीश खरा. चँडलर यांनीं संचालकांना मोकळें सोडलें. निर्दोष म्हणून गौरविलें नाहीं.

स्वार्थ आणि चूक यांच्यामध्यें एक तिसरी अवस्था आहे. ती म्हणजे डोळेझांक. चॅन्सेलर विल्यम ॲलन यांनीं १९९६ मध्यें केअरमार्क कंपनीच्या प्रकरणांत तिचा विचार केला. रोगी पाठविण्याबद्दल डॉक्टरांना पैसे दिल्याच्या आरोपांवरून त्या कंपनीला सुमारें २५ कोटि डॉलर भरावे लागले होते. ‘आम्हांला ठाऊक नव्हतें’ एवढें उत्तर पुरेसें नाहीं. कंपनींत काय चाललें आहे तें आपल्यापर्यंत पोंचेल अशी व्यवस्था करणें हेंहि संचालकांचें कर्तव्य आहे, असें ॲलन यांनीं प्रतिपादिलें. ज्या घरांत कर्ता पुरुष हिशेब कधीं पाहतच नाहीं, तेथें दिवाणजीच्या चोरीचा थोडा दोष कर्त्याकडेहि जातो, हें आपल्याकडील कोणत्याहि आजीला सांगावें लागणार नाहीं.

एवढ्यानें शंका संपत नाहींत. कंपन्यांपासून मिळणारा कर हा डेलावेअरच्या उत्पन्नाचा मोठा भाग आहे. मग ज्याच्या निकालानें कंपन्या रागावून दुसऱ्या राज्यांत जातील, त्या न्यायाधीशाचा हात मोकळा कसा राहणार? २०२४ च्या जानेवारींत चॅन्सेलर कॅथलीन मॅकॉर्मिक यांनीं टेस्ला कंपनीचे प्रमुख इलॉन मस्क यांना देऊं केलेला ५,५०० कोटि डॉलरांहून अधिक किमतीचा मोबदला रद्द ठरविला. ज्या संचालकांनीं तो ठरविला ते त्यांच्यापासून स्वतंत्र नव्हते आणि भागधारकांना सर्व हकीकत सांगितली गेली नव्हती, असें त्यांचें मत पडलें. त्याच वर्षीं कंपनीनें आपलें बिऱ्हाड टेक्सासला हलविलें. २०२५ च्या मार्चांत डेलावेअरच्या विधिमंडळानें कंपनीकायदा कारभाऱ्यांना सोईचा होईल असा बदलला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें संपूर्ण मोबदला रद्द करण्याचा उपाय अयोग्य ठरवून तो निकाल फिरविला.

वरिष्ठ न्यायालयानें निकाल फिरविणें हा न्यायक्रमाचाच भाग आहे. त्यांत कोणाचा अपमान नाहीं. आम्हांला महत्त्वाचें वाटतें तें निराळें. राज्याचा महसूल, वृत्तपत्रांतील कोलाहल आणि जगांतील एका अत्यंत धनाढ्य पुरुषाचा रोष, हीं तिन्हीं समोर दिसत असतां एका न्यायाधीशाला आपल्या बुद्धीला पटलें तें कारणांसह लिहितां आलें, आणि पुढेंहि आपल्या पदावर राहतां आलें. हें बारा वर्षांच्या मुदतीचें फळ होय. टेक्सासच्या व्यापारी न्यायालयांत नेमणूक दोन वर्षांची असते. दोन वर्षांनीं ज्याला पुन्हां नेमणूक मागावयाची आहे, तो मनुष्य कितीहि सज्जन असला तरी त्याच्या सज्जनपणावर एवढें ओझें घालणें हा राज्यकर्त्यांचा अन्याय आहे. शील व्यक्तीचें असतें. परंतु त्याला उभें राहण्यास जागा संस्थेनें द्यावी लागते.

शेवटचा आक्षेप सर्वांत बोंचरा आहे. धनिकांच्या दाव्यांना जाणकार न्यायाधीश आणि त्वरित निकाल मिळावा, आणि भाडेकरूच्या, मजुराच्या, विधवेच्या दाव्यानें वर्षानुवर्षें तारखा मोजाव्या, ही कोणती नीति? व्यापार सुरळीत चालला म्हणजे सर्वांचेंच कल्याण होतें, असें उत्तर यावर देण्यांत येतें. तें खोटें नाहीं, पण तें अपुरें आहे. कारण न्याय ही केवळ सोय नव्हे. ज्याच्यापासून राज्याला महसूल मिळत नाहीं त्याचाहि तो हक्क आहे. व्यापारी न्यायालयानें जी गति आणि जें ज्ञान शक्य असल्याचें सिद्ध करून दाखविलें, तें इतरांना कां नाकारलें जातें, याचा जाब त्या न्यायालयाच्या अस्तित्वानेंच शासनाला विचारला आहे. तो जाब आजवर कोणत्याहि देशानें पुरता दिलेला नाहीं.

कार्डोझोचा पिता आल्बर्ट हाहि न्यूयॉर्कचा न्यायाधीश होता. १८७२ मध्यें भ्रष्टाचाराच्या आरोपांमुळें महाभियोग टाळण्यासाठीं त्यानें राजीनामा दिला. तेव्हां मुलगा दोन वर्षांचा होता. त्याच शहरांत, तेंच नांव घेऊन तो मुलगा वकील झाला, न्यायाधीश झाला, आणि विश्वासानें दिलेल्या अधिकाराचें माप बाजाराहून उंच असलें पाहिजे असें लिहून गेला. न्यायालय कोणाला प्रामाणिक बनवूं शकत नाहीं. सॅमनच्या मनांत त्या निकालानें काय पालटलें असेल तें कोण सांगणार? परंतु ‘सगळेच असें करतात’ या वाक्याला धर्मवचनाची प्रतिष्ठा मिळूं न देणें एवढें न्यायालयाच्या हातीं असतें. जोंवर तें वाक्य न्यायासनापुढें पुरावा म्हणून चालत नाहीं, तोंवर आपली पुंजी अनोळखी हातांत देऊन रात्रीं स्वस्थ झोंपणाऱ्या लक्षावधि कुटुंबांच्या विश्वासाला कांहीं आधार आहे, असें समजावयास हरकत नाहीं.