दोन नकारांची मूठ

आबांची धोकटी आमच्या माळ्यावर होती. आबा गेल्यावर ती कुणी उघडली नव्हती. गेल्या पावसाळ्यात पुतण्याने ती खाली काढली. त्याचं अलिबागला सलून आहे. जुना वस्तरा काचेच्या पेटीत घालून भिंतीवर लावायचा, असं त्याच्या मनात होतं.

धोकटीत तुरटीचा खडा होता, पितळी वाटी होती, लाकडासारखा कडक झालेला चामड्याचा पट्टा होता आणि तळाशी फडक्यात गुंडाळलेला वस्तरा. रेवसची खारी हवा लोखंडाला सोडत नाही. धक्क्यावरच्या साखळीचं जे होतं, तेच पात्याचं झालं होतं. मुठीची दशा त्याहून वाईट. शिंगाच्या दोन पट्ट्यांपैकी एकीची किड्यांनी चाळण केलेली. दुसरी रिव्हेटपाशी चिरलेली, आणि त्या चिरेवर आबांनी तांब्याची तार गुंडाळून ती घट्ट आवळलेली.

"काका, पातं साफ करा आणि ही मूठ टाकून द्या," पुतण्या म्हणाला. "हस्तिदंतासारखी पांढरी मूठ बसवू. एकदम चकाचक!"

मी हो म्हटलं.

पातं दोन दिवस रॉकेलमध्ये ठेवलं, मग बारीक पॉलिश पेपरने हातानेच घासलं. अशा पात्याला मशीनचं चाक लावायचं नसतं. पातं तापलं की पोलादाचं पाणी उतरतं, मग कितीही पाजवा, धार टिकत नाही. गंज गेला तसं शेफिल्डचं नाव दिसू लागलं. पणजोबांनी हा वस्तरा मुंबईहून बोटीने आणलेला.

मग मूठ सोडवायला घेतली. रिव्हेटचं डोकं कानशीने घासता घासता माझा अंगठा शिंगाच्या एका खोलगट जागी गेला आणि नेमका तिथे बसला. तो खळगा कारागिराने केलेला नव्हता. दोन पिढ्यांच्या अंगठ्यांनी तो झिजवला होता. कानस खाली ठेवली. पोलाद शेफिल्डचं, पण मूठ आमची होती.

मिलिंदप्रश्नात नागसेन राजाला विचारतो, रथ म्हणजे काय? चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. शेवटी ठरतं ते असं, की सगळे भाग एकत्र आले म्हणून आपण त्याला रथ म्हणतो, एवढंच. त्या हिशेबाने मूठ बदलली तर बिघडलं कुठे? पातं तेच, नाव तेच, वस्तराही तोच. हे मला पटतं. पण रथ कुठे गेला आणि कुणाच्या दारात थांबलाच नाही, हा प्रश्न त्यात येत नाही. आबा म्हणायचे, "वस्तरा काय करतो? हात थांबला का वस्तरा थांबतो." हात जिथे धरतो, ती मूठ.

आमच्या घरात हात थांबल्याच्या दोन गोष्टी आहेत. एक सगळ्यांना पाठ. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने न्हावी एकत्र आले आणि विधवांचं केशवपन करणार नाही, असं त्यांनी ठरवलं. पणजोबा तेव्हा मुंबईत धंदा करत आणि ते त्यांच्यात होते, असं आमच्याकडे सांगतात. ज्यांच्या अंगणात खाली बसून हजामत करायची, ज्यांच्याकडून सुगीला भात घ्यायचं, अशांना त्यांनी नाही म्हटलं. गणपतीत पाहुणे आले की ही गोष्ट निघतेच.

दुसरी गोष्ट कुणी काढत नाही. मी सात-आठ वर्षांचा असेन. एका पहाटे वस्तीतला एक म्हातारा आमच्या अंगणाबाहेर उभा राहिला. लेकाचं लग्न होतं, दाढी करून हवी होती. आबा काही बोलले नाहीत. त्यांनी वस्तरा मिटला, धोकटीत ठेवला आणि धोकटी बांधली. म्हातारा थोडा वेळ थांबला आणि गेला. अस्पृश्यता हा गुन्हा ठरवणारा कायदा १९५५ सालीच झाला होता. आबांना तो माहीत नव्हता, असं मला म्हणता येणार नाही.

वस्तरा तोच, घरही तेच. एका नकाराने मान ताठ होते, दुसऱ्याने खाली जाते. चकाचक मूठ बसवली असती तर दोन्ही एकदमच गेले असते, आणि पहिला आम्ही तोंडाने परत आणला असता.

म्हणून किड्यांनी खाल्लेली पट्टी तेवढी बदलली. धक्क्याजवळ मोडलेल्या एका होडीचं सागवान मिळालं, ते तासून बसवलं. रंग जुळवला नाही. चिरलेली पट्टी गरम पाण्यात नरम करून दाबून सरळ केली, कारण मूठ वाकडी राहिली तर मिटताना धार तिच्यावर आपटते. तिला खोबरेल लावलं. टोकाला शिशाची पाचर जुनीच ठेवली. तार काढली नाही.

पुतण्या नाराज झाला. मी त्याला दोन्ही गोष्टी सांगितल्या. दुसरी त्याने पहिल्यांदाच ऐकली. म्हटलं, "कुणी विचारलं तर दोन्ही सांग."

दिवाळीआधी मी त्याच्या सलूनमध्ये बसलो होतो. एका गिऱ्हाइकाने पेटीकडे पाहून विचारलं, ही मूठ एका बाजूला लाकडाची आणि दुसरीकडे शिंगाची कशी? पुतण्याने लोखंड्यांची गोष्ट रंगवून सांगितली. मग आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि गप्प झाला.

मी त्याला बोललो नाही. त्या पहाटे अंगणात मीही होतो, आणि आजवर मीही पहिलीच गोष्ट सांगत आलो आहे.