ठरलेली चूक

“काका, जे दिसतं तेच येत नसेल, तर हा कॅमेरा खोटं बोलतो.” बिबवेवाडीत आमच्या शेजारी राहणारा अभियांत्रिकीचा विद्यार्थी माझा रेंजफाइंडर हातात घेऊन हे म्हणाला. ते वाक्य काही केल्या मनातून जाईना.

रेंजफाइंडरमध्ये डोळा वरच्या डाव्या खिडकीतून बघतो आणि फोटो खाली, उजवीकडे असलेल्या भिंगातून निघतो, हे फिल्मवर काम केलेल्या कुणालाही सांगायला नको. जवळून काढलेल्या फोटोत माथा कापला जातो तो त्यामुळेच. पण काही चुका भरकटलेल्या असतात आणि काही ठरलेल्या. भरकटलेल्या चुकीपुढे इलाज नसतो. ठरलेल्या चुकीची दिशा आणि माप दोन्ही ठाऊक असतात.

ही चूक ठरलेली आहे. खिडकी आणि भिंग यांच्यातले उभे अंतर 3 सेंमी धरा. दहा मीटरवर 50 मिमी भिंगाची चौकट पावणेपाच मीटर उंच असते. तिथे 3 सेंमी कुणाच्या लक्षातही येत नाहीत. 0.7 मीटरवर तीच चौकट उरते सुमारे 28 बाय 42 सेंमी, म्हणजे मार्केट यार्डाच्या फुलबाजारात शेवंतीचा हार ओवणारे दोन हात मावतील एवढी. तिथे 3 सेंमी म्हणजे दहावा हिस्सा. चूक वाढत नाही. आपण जवळ जातो आणि चौकट लहान होते.

खोटेपणाचा आरोप मला आणखी एका कारणाने पटत नाही. जागा बदलली की वस्तू सरकलेली दिसते, या फरकाला खगोलशास्त्रात लंबन म्हणतात. सूर्यग्रहणाच्या गणितासाठी सूर्यसिद्धान्ताने त्याचा विचार केला आहे. 1838 मध्ये खगोलशास्त्रज्ञ बेसेलने 61 सिग्नी या ताऱ्याचे अंतर लंबनावरूनच काढले. त्यासाठी त्याला पृथ्वीच्या कक्षेचा तीस कोटी किलोमीटरचा पाया मिळाला होता. लायका एम-6 या रेंजफाइंडरमध्ये अंतर मोजणाऱ्या दोन खिडक्यांमधला हा पाया जेमतेम 69 मिमीचा आहे, आणि तरी त्या खिडक्यांतल्या प्रतिमा एकमेकींवर बसल्या की अंतर अचूक कळते. जे लंबन चौकट बिघडवते, तेच फोकस साधून देते.

विद्यार्थ्याची बाजू एसएलआरची. भिंगाला दिसते तेच त्यात डोळ्याला दिसते, आणि फुलाच्या परागांपर्यंत पोचायचे असेल तर तोच कॅमेरा घ्यावा, यात वाद नाही. पण फिल्मवर प्रकाश पडतो नेमक्या त्या क्षणी त्याचा आरसा वर उचललेला असतो आणि डोळ्यापुढे अंधार असतो. ज्या क्षणाचा फोटो, तोच क्षण दिसला नाही, तर ‘दिसतं तेच येतं’ हा दावा पुरा कसा मानायचा?

त्याला द्यायचे उत्तर मी योजून ठेवले होते: 1954 ची लायका एम-3. फोकस फिरवला की तिच्या खिडकीत दिसणाऱ्या चौकटीच्या रेषा आपोआप खाली उजवीकडे सरकतात आणि चूक भरून काढतात. पण हे उत्तर तपासू लागलो तसे ते माझ्याच हातून निसटले. रेषा सरकल्याने काठ जुळतो, पण पाहण्याची जागा बदलत नाही. हार ओवणाऱ्या हाताआड लपलेले तराजूचे पारडे खिडकीतून दिसत नाही. उजवीकडच्या भिंगाला मात्र ते हाताच्या कडेने बाहेर आलेले दिसते. पुढची वस्तू आणि मागचा पट यांचे नाते कुठलीही रेषा दुरुस्त करू शकत नाही.

ते दुरुस्त करण्याचा मार्ग एकच आहे. आधी खिडकीतून चौकट ठरवायची, मग कॅमेरा न वाकवता वर आणि डावीकडे एवढा सरकवायचा की जिथे खिडकी होती तिथे भिंग यावे. मामियाने आपल्या दुहेरी भिंगांच्या कॅमेऱ्यांसाठी ‘पॅरामेंडर’ काढला, तो हेच करी: तिकाटण्यावरचा कॅमेरा दोन भिंगांतल्या अंतराएवढा वर उचली. आपोआप सरकणाऱ्या रेषा इथे उलट आड येतात, कारण त्या धरून कॅमेराही हलवला तर दुरुस्ती दोनदा होते.

म्हणून विद्यार्थ्याचा आरोप मी आता निम्मा मान्य करतो. न सरकणाऱ्या रेषांचा साधा कॅमेरा खोटे बोलत नाही. तो आपली चूक उघड्यावर ठेवतो आणि हिशेब आपल्यावर सोपवतो. सरकणाऱ्या रेषा काठ नीट करून सगळेच नीट झाल्याचा भास देतात. स्थिर वस्तू जवळून टिपायची असेल, तर मी त्या साध्या कॅमेऱ्याच्या बाजूने उभा राहीन. झाकलेल्या चुकीपेक्षा माप ठाऊक असलेली चूक अधिक विश्वासाची असते.