धुरावर टांगलेलें अन्न

अन्नाची शुद्धि कोठें पाहावी, खाणाऱ्याच्या जातिधर्मांत कीं करणाऱ्याच्या हातांत, हा प्रश्न जुना आहे. त्याचा विचार आम्ही एका सामान्य वस्तूच्या आधारें करूं इच्छितों. ती वस्तु म्हणजे मांस बांधून टांगण्याची दोरी. झरी जामणीच्या कोलाम पोडापासून गोव्याच्या सासष्टीपर्यंत, जेथें चूल आहे आणि चार महिन्यांचा पाऊस आहे, तेथें बेगमीची चिंता एकच: आज मिळालेलें उद्यां कसें पुरवावें?

गोव्यांतील ख्रिस्ती घरांत या चिंतेचें एक उत्तर म्हणजे चोरिस. डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे करून त्यांस मीठ लावितात, माडाच्या शिरक्यांत वाटलेला मिरची-लसणाचा मसाला चोळतात, आणि स्वच्छ केलेल्या आतड्यांत भरून, ठिकठिकाणीं दोऱ्यानें आवळून, उन्हांत व धुरावर वाळवितात. यांत बांधणीचें काम क्षुल्लक वाटतें. पण तसें नाहीं. आतडें ठासून भरलें तर दोरा आवळतांच फुटतें. सैल भरलें तर आंत हवा राहते. वाळतांना मांस आकसतें, आणि एकेरी गांठ निसटून माळ खालीं येते; म्हणून जाणता हात पहिल्या गांठीवर आतड्याचें टोंक दुमडून दुसरी गांठ मारतो. दोन माळा एकमेकींस चिकटल्या तर त्या जागीं धूर पोंचत नाहीं व ओल राहते.

इतकें करूनही गांठ म्हणजे हमी नव्हे. १८२० च्या सुमारास जर्मनीच्या वुर्टेंबर्ग प्रांतांत युस्टिनुस केर्नर या वैद्यानें असें भरलेलें मांस खाऊन दगावलेल्यांचा अभ्यास केला. त्या विषबाधेस पुढें ‘बॉट्युलिझम’ हें नांव पडलें तें सॉसेज या अर्थाच्या लॅटिन शब्दावरूनच. तो जंतु हवा न पोंचणाऱ्या जागीं वाढतो. त्यास आवर बसतो तो मिठानें, आंबटपणानें आणि नीट वाळवण्यानें. खाणाऱ्याचें गोत्र तो विचारीत नाहीं.

शेजारी मात्र त्याच दोरीकडे वेगळ्या डोळ्यांनीं पाहतो. पोर्तुगालांत १४९७ मध्यें ज्यूंस बळेंच ख्रिस्ती करण्यांत आलें. ज्याच्या घरीं धुरावर डुकराचें मांस टांगलेलें दिसत नसे त्याजवर संशय येई, म्हणून या लोकांनीं कोंबडी व पाव भरून ‘आल्येयरा’ बनविल्या, अशी तेथील आख्यायिका आहे. पोर्तुगालांतील हें धर्मन्यायालय १५६० त गोव्यांतही आलें. आमच्या मराठवाड्यांतील दलित वस्त्यांत मांसाच्या पट्ट्या, म्हणजे चान्या, दोरीवर वाळवीत. शाहू पाटोळे यांनीं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकांत हें अन्न मराठी वाचकांपुढें ठेविलें आहे. येथें दोरी दिसली कीं घराची जात कळे. तिकडे दोरीचा अभाव हा गुन्हा, इकडे दोरीचें असणें हा कलंक. पाहणारा डोळा मात्र एकच.

कोणी म्हणेल, मृत जनावरांचें मांस सोडा असें डॉ. आंबेडकरांनींच १९२७ च्या मार्चांत महाडास सांगितलें नव्हतें काय? सांगितलें, पण तें आपल्या माणसांस, त्यांच्या स्वाभिमानासाठीं. ज्या गांवानें मेलेलें ढोर ओढण्याचें काम त्यांच्यावर लादलें आणि मग त्याच मांसावरून त्यांस हिणविलें, त्या गांवास या उपदेशानें कोणताही अधिकार मिळत नाहीं. स्वतः होऊन सोडणें आणि दुसऱ्याच्या नजरेस भिऊन लपविणें या दोन गोष्टींत स्वतंत्र माणूस व दास यांजमधील अंतर आहे.

आजही शहरांत भाड्यानें घर देतांना, तुम्ही काय शिजवितां, असें विचारणारे पुष्कळ आढळतात. गांठ पक्की आहे काय, मांस नीट वाळलें आहे काय, खाणारा सुखरूप राहील काय, हे प्रश्न विचारावेत. माळ बांधणारी बाई ते स्वतःस रोज विचारीतच असते. त्यापलीकडे तिच्या चुलीवर काय टांगलें आहे याचा निवाडा करण्याचा अधिकार शेजाऱ्यास नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे.