खडकावरचा परका पक्षी

शास्त्रभाग : रूथ २:१-१७



पावसाळ्याच्या तोंडावर समुद्र खवळला म्हणजे कोकणाच्या व गोव्याच्या किनाऱ्यावर कधी कधी एखादा अनोळखी पक्षी वाळूत बसलेला आढळतो. खोल समुद्रावर राहणारे बूबी किंवा फ्रिगेट पक्षी वाऱ्याच्या माऱ्याने भरकटून येतात. मुले भोवती जमतात, कोणी वनखात्याला कळवतो, पक्ष्याला थोडी ताकद आली की त्याला पुन्हा सोडून देतात. अशा पाहुण्याचा आपल्याला कळवळा येतो. तो दोन दिवसांचा पाहुणा असतो, म्हणून कळवळा सोपाही जातो. आज आम्ही ज्या पक्ष्याविषयी लिहीत आहोत तो मात्र आला आणि राहिला.

काळ्या भुवईचा अल्बट्रॉस हा दक्षिण गोलार्धातला पक्षी. फॉकलंड बेटांवर त्यांची सर्वांत मोठी वस्ती आहे. दक्षिण जॉर्जिया व चिलीच्या दक्षिणेकडील बेटांवरही तो घरटी करतो. पंख पसरले म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सात फुटांच्या आसपास भरतात. ते फारसे न हलवता, निव्वळ वाऱ्याच्या आधाराने तो शेकडो मैल तरंगत जातो. विषुववृत्ताजवळ वारा पडलेला असतो, आणि वाऱ्यावर जगणाऱ्या ह्या पक्ष्याला ती पडलेली हवा भिंतीसारखी असते. तरीही क्वचित एखादा ती भिंत ओलांडून उत्तरेस जातो. मग परतीच्या वाटेवर तीच भिंत उभी राहते.

असे अनेकदा घडले आहे. डेन्मार्कच्या फेरो बेटांपैकी मिकिनेस येथे १८६० पासून १८९४ पर्यंत असा एक अल्बट्रॉस येत असे. तेथे कड्यांवर गॅनेट नावाच्या समुद्रपक्ष्यांची वसाहत आहे. गॅनेट मोठा, पांढरा, पंखांची टोके काळी. अल्बट्रॉसच्या जातीचा नव्हे, पण दिसायला त्यातल्या त्यात जवळचा. बेटावरचे लोक ह्या पाहुण्याला गॅनेटांचा राजा म्हणत. चौतीस वर्षांनी कोणी तरी त्याला गोळी घातली. १९६७ मध्ये दुसरा एक स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळील बास रॉक ह्या खडकावर गॅनेटांमध्ये आला. पुढे १९७० नंतरच्या वर्षांत शेटलंड बेटांच्या उत्तर टोकाला, हर्मनेस येथे एक अल्बट्रॉस दिसू लागला. तो तोच असावा असे मानतात. १९९५ पर्यंत त्याचे तेथे येणेजाणे होते. अलीकडे २०२१ व २०२२ मध्ये इंग्लंडच्या बेम्प्टन कड्यांवर आणखी एक असाच गॅनेटांत येऊन राहिला, आणि त्याला पाहण्यासाठी दूरदूरची माणसे दुर्बिणी घेऊन गेली.

बास रॉकचे नाव काही वाचकांनी मंडळीच्या इतिहासातही वाचले असेल. सतराव्या शतकात राजाच्या धर्मसत्तेपुढे न झुकणाऱ्या प्रेस्बिटेरियन पाळकांना ह्याच खडकावर कोंडून ठेवीत. अलेक्झांडर पीडन ह्यांना १६७३ मध्ये पकडून तेथे ठेवले. तेथील पाखरांच्या मोकळेपणाचा आपल्याला हेवा वाटतो, अशा अर्थाचे त्यांचे पत्र प्रसिद्ध आहे. जॉन विल्सन ज्या स्कॉटलंडातून १८२९ मध्ये मुंबईस आले, त्याच देशातील ही कथा. म्हणून येथे ओझरती सांगितली. तीनशे वर्षांनी त्याच खडकावर आलेल्या पाखराला मात्र मोकळेपणाची वाण नव्हती. त्याला वाण होती ती वेगळ्याच गोष्टीची.

हर्मनेसच्या त्या पक्ष्याने घरटे बांधले. अल्बट्रॉसचे जोडपे एका हंगामात एकच अंडे घालते आणि नर-मादी पाळीपाळीने ते सुमारे सत्तर दिवस उबवतात. पण हर्मनेसला जोडपे कोठले? आपल्या जातीची सर्वांत जवळची वस्ती बारा हजार किलोमीटरांहून दूर. अल्बट्रॉस आपल्या जोडीदारापुढे शेपूट पंख्यासारखी पसरून, चोच वाजवून जी भाषा बोलतात, ती गॅनेटांना उमगत नाही. गॅनेट शेजाऱ्यापासून चोच पोहोचणार नाही इतके अंतर राखून बसतात; त्यालाही तेवढीच जागा मिळाली. फार जवळ सरकला तर टोचणी मिळे. त्याला कोणी हाकलून लावले नाही. आणि वर्षांमागून वर्षे त्या घरट्यात तो एकटाच बसला.

ह्यात गॅनेटांचा काही दोष आहे असे आम्हाला वाटत नाही. देवाने पाखरांना जातीजातीप्रमाणे उत्पन्न केले असे उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात आहे. माणसाचे तसे नाही. म्हणून आता शास्त्रभागाकडे वळू.

रूथ मवाब देशाची. नामीबरोबर ती बेथलेहेमास आली तेव्हा सातूची कापणी सुरू झाली होती. परक्याला व गरिबाला शेताच्या कडा आणि सरवा सोडून द्यावा, असे लेवीय एकोणिसाव्या अध्यायात नियमशास्त्र सांगते. त्या नियमाप्रमाणे रूथेला सरवा वेचू दिला. कोणी अडवले नाही. बेथलेहेमकर नियम पाळणारे लोक होते, ह्याचे श्रेय त्यांना द्यावे. पण ही कोण, असे बवाजाने विचारले तेव्हा मुकादमाने काय उत्तर दिले ते सहाव्या वचनात पाहा. नामीबरोबर मवाबातून आलेली ती मवाबी मुलगी, एवढेच तो सांगतो. सकाळपासून ती त्याच्या डोळ्यांपुढे राबत आहे, आणि त्याच्या तोंडी तिचे नाव नाही.

बवाज मात्र तिला मुली म्हणून हाक मारतो. मग दुपारी जेवणाच्या वेळी तो आणखी एक पाऊल पुढे जातो. तो तिला जवळ बोलावतो, कापणी करणाऱ्यांच्या पंगतीत बसवतो, घास शिरक्यात बुडवायला सांगतो आणि स्वतःच्या हाताने हुरडा देतो. ह्यातले काहीही नियमशास्त्रात लिहिलेले नव्हते. सरवा हा तिचा हक्क होता. भाकर तिला बवाजाने दिली. शेताची कड आणि पंगत ह्यांत चार पावलांचेच अंतर असेल, पण ती चार पावले नियमाने चालता येत नाहीत.

येथे मूळ भाषेतील एक शब्द लक्षात घेण्याजोगा आहे. बाराव्या वचनात बवाज रूथेला म्हणतो, की तू इस्राएलाच्या देवाच्या पंखांखाली आश्रयास आली आहेस. पंखासाठी इब्री शब्द आहे 'कानाफ'. पुढे तिसऱ्या अध्यायात, खळ्यावर, रूथ त्याला आपल्या वस्त्राची कड तिच्यावर पसरायला सांगते. तेथेही शब्द कानाफच आहे. बवाजाने देवाच्या पंखांची गोष्ट केली होती. रूथेने त्याचाच पंख मागितला. बवाजाचा आशीर्वाद खराच होता. पण रूथेने तो त्याच्याच अंगावर परत आणून सोडला, असे आम्हाला वाटते.

आता आम्हाला आमच्याविषयी सांगितले पाहिजे.

आमची मंडळी मराठी, आणि शहर गुजरातेतले. आजोबा अहमदनगराहून, म्हणजे आताच्या अहिल्यानगराहून, नोकरीसाठी येथे आले. त्या काळी परक्या गावात आपली भाषा बोलणारी पाच घरे मिळाली की त्यांना किती आधार वाटे, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. नऊ वर्षांपूर्वी एक गृहस्थ आमच्या उपासनेला येऊ लागले. एका कारखान्यावर पहारेकरी. रात्रपाळी संपवून ते थेट येत आणि शेवटच्या बाकावर बसत. ते झारखंडाकडचे, मुंडारी बोलणारे. छोटानागपुरात १८४५ पासून गोस्नर मिशनचे कार्य झाले, त्या लुथरन मंडळीत त्यांचे घराणे वाढलेले. ते मराठी उपासनेला का येत, ह्याचे कारण साधे होते. गुजराती लिपी त्यांना वाचता येत नव्हती. 'उपासना संगीत' देवनागरीत असल्यामुळे आमची गीते ते वाचून म्हणू शकत. अर्थ निम्मा कळे, पण आवाज खणखणीत लागे.

आम्ही त्यांना कधी अडवले नाही. दारात हस्तांदोलन करीत होतो, पुस्तक देत होतो. आमच्यात त्यांचे नाव 'रांचीवाले' पडले होते. ते रांचीचे नव्हते. नाताळात आमची गाणारी मंडळी घरोघर जाते. नऊ नाताळांत ती त्यांच्या खोलीवर गेली नाही, कारण खोली कोठे आहे हे कोणास ठाऊक नव्हते.

गेल्या वर्षी एका रविवारी उपासना आमच्याकडे होती. प्रार्थनेच्या विनंत्यांच्या चिठ्ठ्या आल्या. त्यांत एक हिंदीत होती. वेळ कमी होता, पाळकसाहेब बाहेरगावी, आणि त्यानंतर एक सभा व्हायची होती. ओळखीच्या चार चिठ्ठ्या वाचल्या आणि ती पाचवी पवित्र शास्त्रात ठेवून दिली. पुढे वाचू, असे मनाशी म्हटले. वीस दिवसांनी ती हाती लागली. आई फार आजारी आहे, मंडळीने प्रार्थना करावी, एवढेच दोन ओळींत होते. खाली त्यांनी आपले पूर्ण नाव लिहिले होते. ते आम्ही तेव्हा प्रथम वाचले.

कारखान्याच्या फाटकावर चौकशी करून आम्ही व आमच्या सौभाग्यवती त्यांच्या खोलीवर गेलो. आई वारली होती. ते गावाहून परत येऊन आठवडा झाला होता. चिठ्ठी वाचली नाही, हे आम्ही त्यांना सांगितले. सांगताना जी सबब मनात जुळवून आणली होती ती तोंडून निघाली नाही. ते म्हणाले, "कोई बात नहीं, भाईसाहब, आप आ गए." आम्हाला खाटेवर बसवून ते स्वतः पाण्याच्या पिंपावर बसले. भात शिजत होता. सौभाग्यवतींनी डबा नेला होता, पण त्यांनी आधी आपला भात आमच्या ताटांत वाढला.

जेवणापूर्वी प्रार्थना कोणी करावी असे आम्ही विचारले. येथे वडील आपण आहात, असे ते म्हणतील ही आमची अपेक्षा. त्यांनी डोळे मिटले आणि मुंडारीत सुरुवात केली. आम्हाला त्यातला 'येशू' एवढा एकच शब्द ओळखू आला. बाकीच्या वेळी आम्ही हात जोडून, मान खाली घालून नुसते बसलो होतो, आणि कोठे आमेन म्हणायचे ह्याचा अंदाज घेत होतो. पाच मिनिटेच झाली असतील. आम्हाला ती फार लांब वाटली.